किल्लारीचा दगड जपला, गवताचे काय?

३० सप्टेंबर १९९३. गणपतीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि औसा तालुक्यातील किल्लारी व आसपासच्या गावांतली दगडमातीची घरे माळवदासकट खाली आली. हजारो माणसे झोपेतच गेली. किल्लारीचे नाव त्या दिवसापासून भूकंपाशी जोडले गेले, ते कायमचे.

पुढे जे घडले त्यातला एक भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. दख्खनचे पठार भक्कम आहे, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, असा समज तोवर रूढ होता. तो का चुकला हे शोधण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. त्यातून खडकाचे लांब गोल दांडके बाहेर काढले. वरचे ३३८ मीटर काळा पाषाण, म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसॉल्ट. त्याखाली थोडा गाळ. आणि त्याखाली कितीतरी जुना मूळ खडक. तपासणी झाली म्हणून हे दांडके फेकून दिले नाहीत. पुढची अनेक वर्षे संशोधक नवे प्रश्न घेऊन त्याच दगडांकडे परत येत राहिले. वस्तू जपून ठेवली की तिला पुढच्या पिढीचे प्रश्नही विचारता येतात, हे विज्ञानाचे जुने तत्त्व आहे.

ज्या जमिनीखालचा दगड इतक्या निगुतीने जपला, त्याच जमिनीवर उगवणाऱ्या गवताचे, झुडपांचे, तणांचे काय? हा प्रश्न वाटतो तितका हौशी नाही. औषधाच्या पुडीपासून गुरांच्या चाऱ्यापर्यंत अनेक गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत. आणि उत्तर जिथे मिळायचे, ती जागा आज महाविद्यालयांच्या मागच्या खोलीतल्या, कुलूप गंजलेल्या लोखंडी कपाटात आहे. तिला हर्बेरियम म्हणतात.

कागदावरचे झाड

हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. पद्धत अगदी साधी आहे. फुलाफळांसकट एक फांदी घ्यायची, रोप लहान असेल तर मुळासकट घ्यायचे. पाने नीट पसरून ते कागदांच्या घडीत ठेवायचे, दोन लाकडी चौकटींमध्ये आवळायचे आणि वाळेपर्यंत कागद बदलत राहायचे. या कामाला सर्वांत उपयोगी कागद म्हणजे वर्तमानपत्राची रद्दी. वाळलेला नमुना साधारण २८ बाय ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर डिंकाने किंवा टाक्यांनी बसवायचा. खालच्या उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची : नाव, कुळ, गाव, तालुका, जिल्हा, तारीख, जमीन कशी होती, फुलाचा रंग कोणता होता, लोक त्याला काय म्हणतात आणि कोणी गोळा केले. कीड लागू नये म्हणून पूर्वी त्यावर पाऱ्याच्या विषारी क्षाराचे द्रावण लावत. जुनी शीट हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, ते याचसाठी.

ही कला सोळाव्या शतकात इटलीत लुका घिनी या वैद्यकाच्या प्राध्यापकाने रूढ केली असे मानतात. मूळ हेतूच औषधी वनस्पती ओळखण्याचा होता. आज जगात तीन हजारांहून अधिक हर्बेरियम आहेत आणि त्यांतील नमुन्यांची संख्या चाळीस कोटींच्या घरात जाते. भारतातला सर्वांत मोठा संग्रह हावड्याच्या केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियममध्ये आहे. महाराष्ट्रात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पुण्याचे केंद्र, पुण्याचीच आघारकर संशोधन संस्था, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातले ब्लाटर हर्बेरियम आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ ही मोठी ठिकाणे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला संग्रह ही मराठवाड्याची ठेव.

बाभळीचे नाव कोण ठरवते?

वनस्पतिशास्त्रज्ञ उठसूट नावे बदलतात, अशी तक्रार विद्यार्थी नेहमी करतात. किल्लारीच्या बांधावरची बाभूळ घ्या. पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांत ती ‘अकेशिया निलोटिका’ होती. आता ती ‘व्हॅचेलिया निलोटिका’ झाली. हिवरही त्याच वाटेने गेला. ही लहर नव्हती. जुनी ‘अकेशिया’ ही प्रजाती अनेक वेगळ्या गटांची मोट आहे, हे स्पष्ट झाल्यावर मूळ नाव कोणत्या गटाकडे राहावे हा वाद उभा राहिला. ऑस्ट्रेलियात या गटातल्या हजाराच्या आसपास जाती. त्या सर्वांची नावे बदलण्यापेक्षा नाव त्यांच्याकडे द्यावे, असा निर्णय २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत झाला आणि २०११ मध्ये मेलबर्नला तो कायम राहिला. आफ्रिका आणि आशियातल्या बाभळींना वेगळे नाव घ्यावे लागले.

हा वाद ज्या मुद्द्यावर लढला गेला तो महत्त्वाचा आहे. वनस्पतीचे शास्त्रीय नाव हवेत तरंगत नसते. ते एका विशिष्ट नमुन्याला बांधलेले असते. नवी जात जाहीर करताना तिचा एक नमुना ‘टाइप’, म्हणजे आदर्श नमुना म्हणून नेमावा लागतो. १ जानेवारी १९५८ पासून तर त्याशिवाय नाव ग्राह्यच धरले जात नाही. पुढे कधी शंका आली, तर पुस्तकातले वर्णन बाजूला ठेवून त्या कागदावरच्या नमुन्याकडे जायचे. मीटर किंवा किलोग्रॅमसाठी एकेकाळी पॅरिसमध्ये प्रमाण-वस्तू ठेवली होती, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की वनस्पतींच्या बाबतीत अशा लाखो प्रमाण-वस्तू जगभर विखुरलेल्या आहेत. बाजारात भाव खाणारी पांढरी मुसळी घ्या. तिच्या शास्त्रीय नावातले ‘बोरिव्हिलियानम’ हे मुंबईच्या बोरिवलीवरून आले. फादर सान्तापाव आणि फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात ती वेगळी जात म्हणून नोंदवली. आज जिथे इमारती उभ्या आहेत, त्या परिसराची एक ओळख या नावात शिल्लक आहे.

चुकीचे नाव जिवावर बेतते

नावाचा घोळ केवळ पुस्तकी असता, तर त्यावर आरोग्याच्या सदरात लिहिण्याचे कारण नव्हते. मराठवाड्यात ‘धोत्रा’ म्हणतात ते एक झाड वांग्या-टोमॅटोच्या कुळातले. त्याच्या बिया पोटात गेल्या की माणूस भ्रमिष्ट होतो, तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात. ‘पिवळा धोत्रा’ म्हणतात ते काटेरी झुडूप मात्र अफूच्या कुळातले, मूळचे मेक्सिकोचे. त्याच्या बिया मोहरीसारख्या दिसतात. त्यांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेले की अंगावर सूज येते, हृदय निकामी होते. १९९८ मध्ये दिल्लीत अशाच भेसळीने साठहून अधिक माणसे दगावली. दोन वनस्पती, दोन कुळे, दोन वेगळी विषे. गावच्या बोलीत मात्र नाव एकच. रुग्णाला घेऊन आलेला नातेवाईक ‘धोत्रा खाल्ला’ म्हणाला, तर डॉक्टरने नेमके काय समजावे?

दुसरे उदाहरण बेल्जियमचे आणि तेही १९९३ चेच. ब्रुसेल्समधल्या एका दवाखान्यात वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधींचा समावेश असलेली औषधे दिली जात होती. काही काळाने तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होऊ लागली. १९९३ मध्ये डॉक्टरांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. पुढे अशा रुग्णांची संख्या शंभराच्या आसपास पोचली. अनेकींना डायलिसिस किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा आधार घ्यावा लागला, काहींना कर्करोगही झाला. मूळ कारण नावाचा गोंधळ. ‘फांग-ची’ या चिनी नावाखाली स्टेफानिया या वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया वंशातली भलतीच मुळी आली होती. या वंशातल्या वनस्पतींत ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा वनौषधींना २००२ मध्ये माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणले.

हे सारे दूर ब्रुसेल्सचे म्हणून सोडून देता येत नाही. याच वंशातली एक जात मराठवाड्याच्या काळ्या रानात तण म्हणून सर्रास उगवते. तिला किडामारी म्हणतात. नावातच तिचा उपयोग आहे. जंतांवर आणि जखमेतल्या किड्यांवर ती खेडोपाडी वापरली जाते. तिच्यातही तेच आम्ल आहे. जडीबुटीच्या बाजारात सीता अशोकाच्या सालीऐवजी बंगल्यांसमोर लावतात त्या उंच ‘अशोका’ची साल खपते. ‘ब्राह्मी’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. पुडीतले मूळ किंवा साल नेमकी कशाची, हे ठरवायचे तर तुलनेसाठी नावानिशी सिद्ध असलेला नमुना हवा. तो हर्बेरियममध्ये असतो, आणि तिथे नसला तर कुठेच नसतो.

गाजर गवताची साक्ष

हर्बेरियमचा दुसरा उपयोग साक्षीदाराचा. गाजर गवत किंवा काँग्रेस गवत मराठवाड्यातल्या प्रत्येक पडीक जागेत आहे. अंगाला खाज, त्वचेचे विकार आणि दमा यांचे ते कारण ठरते. अमेरिकेतून पीएल-४८० योजनेत आलेल्या गव्हाबरोबर ते भारतात आले, हे इतके पक्के झाले आहे की शाळेतही तसेच सांगतात. पुण्याजवळची त्याची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही या समजाला जुळणारीच. पण डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या हर्बेरियममध्ये याच गवताचे एक शीट आहे. ते गोळा केले डीट्रिख ब्रॅन्डिस या वनाधिकाऱ्याने, १८८० मध्ये. म्हणजे हे गवत भारतात त्या गव्हाच्या सत्तरेक वर्षे आधीपासून होते. गव्हाबरोबर आलेल्या बियांनी त्याचा फैलाव वाढवला असेलही, पण ‘पहिल्यांदा केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर एका कागदाने बदलले.

जुन्या शीटमधून असे पुरावे निघतच राहतात. १८४० च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडून भीषण दुष्काळ झाला. त्या काळी जपलेल्या बटाट्याच्या रोगट पानांतून डीएनए काढून रोगाचा नेमका वाण २०१३ मध्ये शोधला गेला. ब्रिटनमधल्या एका संशोधकाने १९८७ मध्ये दोनशे वर्षांतल्या हर्बेरियमच्या पानांवरची सूक्ष्म रंध्रे मोजली. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी रंध्रांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली होती. ती पाने गोळा करणाऱ्यांना डीएनए ठाऊक नव्हता, हवामान बदलाची तर कल्पनाही नव्हती. किल्लारीच्या दगडाचे तत्त्व इथेही तसेच लागू पडते.

मराठवाड्याचे कोरे पान

मराठवाड्यात हे काम उशिरा सुरू झाले. थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात आला आणि पश्चिम महाराष्ट्राच्या वनस्पतिशास्त्राचा पाया ठरला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. त्यामुळे कूक यांच्या ग्रंथात सोलापूर आहे, पण शेजारचे लातूर नाही. हे कोरे पान भरण्याचे काम स्वातंत्र्यानंतर औरंगाबादच्या विद्यापीठात झाले. प्रा. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’चे दोन खंड १९९८ मध्ये. वर्गीकरणशास्त्रावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक देशभरातल्या विद्यार्थ्यांनी वापरले.

१९७९ या सालाकडे नीट पाहिले पाहिजे. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. तोवर औसा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात होता. म्हणजे ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ हा किल्लारीच्या मुलखाचाही भूकंपाआधीचा वनस्पती-दाखला आहे. त्यानंतर या भागात काय बदलले नाही? भूकंप झाला, पन्नासहून अधिक गावे उठून नव्या जागी वसली. १९९४ मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि लातूरची महाविद्यालये तिकडे गेली; आधीचा संग्रह मात्र औरंगाबादलाच राहिला. ज्वारी-करडईच्या शिवारात सोयाबीन आले, त्यामागून तणनाशके आली, गायराने आणि बांध आक्रसले. उस्मानाबादचे नाव धाराशिव झाले. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते, केना, कुर्डू, पाथरी या रानभाज्या तेव्हा कुठे किती होत्या आणि आता किती उरल्या, हे जुन्या शीटशी ताडून पाहिल्याशिवाय कळणार नाही. जुन्या चिठ्ठीवरचे ‘किल्लारी, जि. उस्मानाबाद’ म्हणजे कोणती जागा, हे सांगू शकणारी माणसेही आता वयस्क झाली आहेत.

मोबाइल असताना कागद कशाला?

यावर काही आक्षेप येतात, आणि ते ऐकण्यासारखे आहेत. मोबाइलचे ॲप फोटोवरून नाव सांगते, मग कपाटे कशाला? ॲप जे नाव सांगते, ते त्याला आधी कोणीतरी शिकवलेले असते आणि त्या शिकवणीच्या मुळाशी तज्ज्ञांनी पडताळलेले नमुने असतात. शिवाय गवतासारख्या गटात जात ठरते ती कुसळाच्या, तुसाच्या मिलिमीटरभर फरकावर. फोटोत ते दिसत नाही. डीएनए तपासणीचेही तसेच. मिळालेला क्रम कशाशी तरी जुळवावा लागतो, आणि ज्या नमुन्यातून तो ‘कशाशी’ आला तोच चुकीच्या नावाचा असेल, तर महागडे यंत्र तीच चूक अधिक आत्मविश्वासाने सांगते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : दुर्मीळ झाड तोडून कागदावर चिकटवणे हे कसले संवर्धन? ही चूक पूर्वी झाली आहे. मोजकीच रोपे उरलेली असताना मुळासकट उपटणे अक्षम्यच. अशा ठिकाणी एक फांदी, एखादे फूल आणि चांगले फोटो पुरेसे मानले पाहिजेत. पण किल्लारीच्या शिवारातल्या बहुतेक वनस्पतींना धोका संग्राहकाच्या कात्रीचा नाही, नांगर आणि तणनाशकाचा आहे. नाव नोंदले न जाता जे संपते, त्याच्यासाठी कोणी आंदोलनही करत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. मोठ्या संस्थाही या कामातून हात काढून घेत आहेत. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने आठ लाखांहून अधिक नमुन्यांचे आपले हर्बेरियम बंद करण्याचा निर्णय २०२४ मध्ये जाहीर केला, तेव्हा जगभरातून नाराजी उमटली. मराठवाड्यातल्या महाविद्यालयात असे कपाट बंद पडले तर बातमीही होत नाही. शिक्षक निवृत्त होतात, जागा भरली जात नाही, खोली दुसऱ्या कामाला लागते, वाळवी आपले काम करते.

करण्यासारखे काय

उपाय फार खर्चिक नाहीत. पहिला, लातूर, नांदेड, धाराशिव जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत किती शीट आहेत आणि कोणत्या अवस्थेत, याची एकदा मोजदाद व्हावी. दोन विद्यापीठांनी मिळून एका उन्हाळी सुट्टीत ती करता येईल.

दुसरा, एका झाडाचा नमुना एकाच जागी ठेवू नये. १ मार्च १९४३ च्या रात्री बर्लिनच्या हर्बेरियमवर बॉम्ब पडले आणि सुमारे चाळीस लाखांपैकी बहुतेक नमुने जळाले. त्यातले जे ज्ञान वाचले, ते दुसऱ्या संस्थांकडे गेलेल्या जोडनमुन्यांमुळे आणि आधी काढलेल्या फोटोंमुळे. एका रात्रीत सर्वस्व जाते म्हणजे काय, हे किल्लारीला वेगळे सांगायला नको. प्रत्येक शीटची एक जोड दुसऱ्या शहरात आणि प्रत्येकाचे स्वच्छ छायाचित्र संगणकावर असावे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २०२२ मध्ये आपल्या संग्रहाची छायाचित्रे इंटरनेटवर खुली केली. जिल्ह्याच्या महाविद्यालयांनाही ती वाट मोकळी हवी.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. त्यात गावच्या वनस्पती आणि त्यांचे उपयोग लिहायचे असतात. पण ‘धोत्रा’ लिहिले आणि नमुना ठेवला नाही, तर वीस वर्षांनी कोणता धोत्रा हे कोण सांगणार? नोंदवहीतल्या प्रत्येक औषधी वनस्पतीमागे एक शीट, आणि शीटचा क्रमांक नोंदवहीत, एवढा नियम केला तरी ही यादी पुराव्याच्या किमतीची होईल. गोळा करायला शाळेतली मुले, नाव सांगायला गावातल्या जाणत्या आजीबाई आणि गुराखी, पडताळायला महाविद्यालयातला शिक्षक. ज्ञानाचे श्रेय चिठ्ठीवर त्या माणसाच्या नावाने, त्याच्या संमतीने जावे.

यासाठी लागणारी साधने म्हणजे दोन लाकडी चौकटी, एक पट्टा, थोडा जाड कागद, एक कोरडे कपाट आणि रद्दी. कपाटाची किल्ली कोणाकडे राहील, हे तेवढे ठरवावे लागेल. आजवर संग्रह गमावले ते बहुधा तिथेच. पावसाळा सरता सरता, सप्टेंबरच्या अखेरीस, किल्लारीच्या माळावर गवत फुलोऱ्यावर येते. नमुने घेण्याची हीच योग्य वेळ.